लॅब्राडॉर कुत्रीच्या सांधेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर, कुणी करून बघितलंय का?

लॅबची_आई
आमची लॅब साडेदहा वर्षांची आहे, मागच्या दोन्ही खुब्यांना आर्थ्रायटिस, एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतोय. सकाळी उठताना बघवत नाही हो, मागचे पाय घसरतात, मग कशीबशी उभी राहते आणि थोडं चालली की जरा मोकळी होते. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध चालू होतं पण किडनीचे रिपोर्ट बिघडले म्हणून डॉक्टरांनी बंद केलं आणि अ‍ॅक्युपंक्चर करून बघा म्हणाले. सुया टोचल्यावर दुखेल का तिला? आणि खरंच फरक पडतो का?

शेफर्डवाला
आमच्या शेफर्ड कुत्र्याला केलंय. सुया एकदम बारीक, इंजेक्शनसारख्या पोकळ नसतात. पहिल्या दोन-तीन सुयांना त्याने मान वळवून बघितलं, नंतर चक्क घोरायला लागला. वीसेक मिनिटं ठेवतात, काही सुयांना हलका करंट पण देतात. आठवड्याला एक असं सहा वेळा केलं, चौथ्यानंतर पायऱ्या स्वतःहून चढायला लागला. सांध्यातली झिजलेली कूर्चा (हाडांमधली मऊ गादी) काही परत येत नाही, दुखणं कमी होतं एवढंच, पण आम्हाला तेवढंही खूप होतं.

प्राण्यांची_डॉक्टर
करून बघायला हरकत नाही, पण पुरावा अजून कच्चा आहे हे माहीत असू द्या. 2012 च्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या कुत्र्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, तरी सुमारे 40 टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला, आणि डॉक्टर पण असेच फसले, पायावरचा भार मशीनने मोजला तेव्हा कळलं. म्हणून सुरू करायच्या आधी तिचा उठतानाचा व्हिडिओ काढा, नंतर दर आठवड्याला त्याच जागी. रक्त लवकर गोठत नसेल किंवा फिट येत असतील तर आधी सांगा.
आणि वजन किती आहे? लॅबच्या 48 पिल्लांवर आयुष्यभर चाललेला अभ्यास आहे, 25 टक्के कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना आर्थ्रायटिसचा त्रास पण बराच उशिरा झाला. माणसांची आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, किडनी आधीच नाजूक आहे तिची.

लॅबची_आई
वजन 37 किलो, बरगड्या हाताला लागतच नाहीत 😔 आजपासून बिस्किटं बंद. गुरुवारी पहिलं सेशन आहे, सकाळचा व्हिडिओ काढून ठेवलाय.