राजदूत ३५०ला टीझेड ३५०चे रूप : भाग कोठून मिळवावेत?

रत्नागिरीकर : माझ्याकडील राजदूत ३५० या मोटारसायकलला यामाहाच्या १९७३ च्या टीझेड ३५० या रेसिंग गाडीचे रूप द्यावयाचे आहे. दोन्ही इंजिने ३४७ सीसीची असून बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४ मिलिमीटर आहे. मग टीझेडचे सिलिंडर सरळ बसवता येतील का?

चिपळूणचा वाचक : माप जुळले म्हणजे इंजिन जुळले असे नव्हे. टीझेड पाण्याने थंड होते, राजदूत हवेने. शिवाय टीझेडचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडणारा आहे. आपण सिलिंडरचा नाद सोडावा आणि एक्झॉस्टवर लक्ष द्यावे, कारण एक्स्पान्शन चेंबरच्या (एक्झॉस्टच्या फुगीर, शंकूंनी बनलेल्या नळीच्या) शेवटच्या शंकूवरून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते आणि टू-स्ट्रोकची खरी ताकद तेथेच असते. शंकूंच्या लांब्या इंजिनाच्या पोर्टनुसार (सिलिंडरमधील वायूच्या ये-जा करण्याच्या भोकांनुसार) ठरतात, म्हणून केवळ टीझेडसारखी दिसणारी नळी घेऊ नये.

मालवणकर : फेअरिंग (वारा कापणारे पुढचे आवरण) आणि सीटसाठी परदेशी मागणी कशाला? फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आपल्याच किनाऱ्यावर आहेत. साचा दिलात तर ते आधी जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) आणि मग काचतंतूंची मॅट व रेझिन यांचे थर चढवून उत्तम काम करून देतात. फक्त होडीइतकी जाडी नको, हे बजावून सांगावे. मॅग्नेशियमचे भाग मात्र, कितीही अस्सल असले तरी, घेऊ नयेत. खाऱ्या हवेत रंगाचा पापुद्रा उडाला की त्याखाली पांढरी भुकटी धरते.

रत्नागिरीकर : पुढचा ड्रम ब्रेक तसाच ठेवावा का?

चिपळूणचा वाचक : दिसण्यापुरता अवश्य ठेवा. कारण टीझेड ३५०ला डिस्क ब्रेक १९७६ च्या सी मॉडेलपासून आली.