गॅरेजमधल्या गाड्यांच्या स्कॅनिंगला (बिघाड शोधायला) जुना बिझनेस लॅपटॉप की नवा स्वस्तातला?

अंबड_गॅरेज
माझं मत स्पष्ट आहे, जुना बिझनेस लॅपटॉपच घ्या. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून येणारा डेटा थोडाच असतो. बिघाडाचे कोड वाचायला, लाईव्ह डेटा बघायला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुष्कळ झालं. आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेला थिंकपॅड टी४८० किंवा त्या काळातला डेल लॅटिट्यूड बघा. त्याआधीचे नकोत, कारण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर बसत नाही.

सातपूर_सर्व्हिस
भाऊ, नाही पटलं. सेकंडहँडची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. ईसीयू (गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर) फ्लॅश होताना, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर भरताना, लॅपटॉप बंद पडला तर गाडी जागेवरून हलणार नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभं. नव्याला वॉरंटी असते, जीएसटीचं पक्कं बिल मिळतं. चार पैसे जास्त जाऊ देत.

अंबड_गॅरेज
फ्लॅशिंग बॅटरीवर करायचंच कशाला? चार्जर लावूनच बसायचं. खरा धोका गाडीच्या बॅटरीचा आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू, पंखा मध्येच फिरतो आणि व्होल्टेज उतरत जातं. तिथे स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय हवा, साध्या चार्जरवर भागत नाही. लॅपटॉपमध्ये वाचलेले पैसे त्यात घाला.
आणि नव्या स्वस्तात मिळतं काय? बोर्डावरच सोल्डर केलेली ४ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी (स्टोरेज चिप). बीएमडब्ल्यूचं इस्टा सॉफ्टवेअर प्रोग्रॅमिंग डेटासकट त्यात मावणारच नाही.

द्वारका_ऑटो_इलेक्ट्रिक
स्नॅपड्रॅगनवाले (एआरएम प्रोसेसरचे) लॅपटॉप तर घेऊच नका. दुकानदार बॅटरी दिवसभर चालते म्हणून गळ्यात मारतो. सॉफ्टवेअर एखादवेळी उघडेलही, पण गाडीला जोडायच्या इंटरफेसचा यूएसबी ड्रायव्हर एआरएमसाठी बनवलेला नसेल तर केबल ओळखलीच जात नाही. क्रोमबुकचीही तीच गत.
मी मात्र विंडोज १० वरच आहे. नेटला जोडत नाही, काम अडत नाही.

सातपूर_सर्व्हिस
दादा, जुन्या गाड्यांपुरतं ठीक आहे. काही नव्या गाड्यांत कोडिंगच्या (कंट्रोलरमधल्या सेटिंग बदलण्याच्या) आधी कंपनीच्या सर्व्हरवरून परवानगी घ्यावी लागते. नेट नसेल तर तिथेच हात टेकावे लागतात. असलं काम वाढतच जाणार, म्हणून मी नव्यावर ठाम आहे. फक्त रॅम वाढवता येणारा घ्या, एवढं अंबडवाल्यांचं मान्य.

अंबड_गॅरेज
नेट हवं हे बरोबर, पण विंडोज ११ वाला जुनाही नेटला जोडता येतोच की. घेताना आपली केबल सोबत न्या. प्रत्येक यूएसबी पोर्टात लावून थोडी हलवून बघा. प्लग ढिला असेल तर गाडीखालून हात बाहेर येईपर्यंत कनेक्शन तुटलेलं असतं. तो लॅपटॉप तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा.