तातडीचं बुबुळरोपण: आधी डोळा, मग नजर

कुणीतरी विचारलंय की चार वर्षांच्या मुलाचं बुबुळ (म्हणजे इथे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) जंतुसंसर्गाने फुटलं, रात्रीतून रोपण झालं, तरी तीन आठवड्यांनी दिसत का नाही? अहो, अशा वेळी नजर हा पहिला हेतू नसतोच. भोक बुजवायचं, सडका भाग काढायचा, डोळा वाचवायचा. नजरेसाठी पुढे कदाचित दुसरं रोपण लागेल. म्हणून तर ताजं बुबुळ नसेल तेव्हा ग्लिसरीनमध्ये जपलेलंही बसवतात. ते पारदर्शक राहत नाही, पण ठिगळ भक्कम. भोक अगदी बारीक असेल तर खास गोंद आणि वरून कॉन्टॅक्ट लेन्स, एवढ्यावरही भागतं.

माझ्या भाचीच्या डोळ्यात मळायच्या चुन्याची ट्यूब फुटली होती. (१९०५ साली झिर्म या नेत्रतज्ज्ञांनी ज्या रुग्णावर जगातलं पहिलं यशस्वी बुबुळरोपण केलं, त्याचेही डोळे चुन्यानेच भाजलेले, आणि बुबुळ मिळालं ते ११ वर्षांच्या मुलाचं.) महिन्याने बुबुळ पातळ होऊन फुटलं, मग रोपण.

खरी कसोटी त्यानंतर. लहान मुलांचे टाके लवकर सैल होतात. ताई रोज सकाळी बॅटरी मारून बघायची. पाचव्या आठवड्यात कडेला टाक्यापाशी पांढरा ठिपका दिसला, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. पोर पापणी उघडेना, त्यामुळे एक टाका काढायलाही पूर्ण भूल द्यावी लागली.

आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली तर टाळू नका, नाहीतर रोपणाचा डोळा आळशी होतो, म्हणजे मेंदू त्याने बघायचंच सोडतो. आमची बया पट्टी काढून मांजराला चिकटवायची.