गॅमाचे रँडम आकडे काढायला पुस्तक आणि पद्धत सुचवा (बजेट ७०० रु.)

पावसाळी_खानापूर
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. स्टॅटचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. प्रोजेक्ट आहे रोजच्या पावसाच्या सिम्युलेशनचा, कणकुंबी आणि बेळगाव शहर अशी दोन ठिकाणं. आज पाऊस पडणार की नाही हे आधी ठरवायचं, आणि पडला तर किती मिलिमीटर तो आकडा गॅमा वितरणातून (फक्त शून्याच्या वरचे आकडे देणारं संभाव्यता वितरण) काढायचा. त्याचा शेप पॅरामीटर, म्हणजे वक्राचा आकार ठरवणारा आकडा, एकाच्या खाली येतोय, सध्या ०.६ धरलाय.
सर म्हणाले, रेडीमेड फंक्शन वापरायचं तर वापर, पण आत काय चालतं ते व्हायवात फळ्यावर सिद्ध करावं लागेल.
तर दोन प्रश्न. कंप्युटर शून्य ते एकमधल्या साध्या रँडम आकड्यातून गॅमाचा आकडा कसा काढतो हे नीट सांगणारं पुस्तक कुठलं? आणि पद्धत कुठली घेऊ? बजेट ७०० रुपये, वर एक रुपया नाही. लॅपटॉप जुना आहे पण चालतो, त्याबद्दल विचारत नाहीये.

टिळकवाडी_०८३१
आधी लॅपटॉप बदल. सिम्युलेशन म्हणजे चेष्टा नाही. मी दसऱ्याला सोळा जीबी रॅमचा घेतला, साठ हजारांत बसला, पळतोय नुसता. सातशे रुपयांत आजकाल माऊस पण धड येत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
एवढं कशाला डोकं खायचं? एक्सेल उघड, गॅमा इन्व्हर्सच्या फॉर्म्युल्यात रँड घाल, खाली ओढ. हजार आकडे तयार. आमच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात सगळं एक्सेलवरच चालतंय की.

निवृत्त_गणितमास्तर
चिकोडीकर, फळ्यावर काय ओढणार? प्रश्न नीट वाचा. एक्स्पोनेन्शियल वितरण असतं तर इन्व्हर्स (उलट फंक्शनची) पद्धत सुरेखच: यू, म्हणजे शून्य ते एकमधला तो साधा रँडम आकडा, त्याचा लॉग घ्या, उणे चिन्ह द्या, संपलं. गॅमाच्या इन्व्हर्सला असं बंद सूत्र नाही. मशीन आत अंदाज सुधारत सुधारत उत्तराजवळ जातं, आणि मुलाला "हे कसं आलं?" विचारलं की तो छताकडे बघणार.
शिवाय एक्सेल २००३ बाजारात आलं तेव्हा त्याच्या रँडमधून चक्क ऋण आकडे यायचे. २०१० पासून मर्सेन ट्विस्टर नावाचा रँडम आकड्यांचा जनरेटर आहे, ते बरं.

चिकोडी_एक्सप्रेस
२००३ चं आता कोण वापरतंय सर?

निवृत्त_गणितमास्तर
मी.

कोड_वाली_निपाणी
आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आरगॅमा हे गॅमाचं रेडीमेड फंक्शन लिही आणि विषय संपव. मी एम.फिल.ला तेच केलं, कुणी काही विचारलं नाही. फक्त सीड (जनरेटर सुरू करायचा आकडा) लिहून ठेव, नाहीतर रिपोर्टमधला तक्ता पुन्हा येणार नाही. आणि आरची आवृत्ती पण लिहून ठेव. २०१९ ला ३.६.० आलं तेव्हा सीड तोच असून माझे आकडे बदलले होते.

नुसता_वाचक
ताई, ते सॅम्पल फंक्शनचं झालं. आरगॅमाला त्या बदलाचा काही संबंध नाही.

कोड_वाली_निपाणी
मी सॅम्पलच वापरत होते. सावध राहा एवढंच सांगतेय.

शहापूर_विणकर
सगळे गॅमा गॅमा करालाय, पण मुळात तो यू तरी खरा रँडम आहे का? रँडू नावाचा जनरेटर होता. ६५५३९ ने गुणायचं आणि दोनाच्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यायची. लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन घनात बिंदू मांडले तर सगळे फक्त १५ प्रतलांवर पडतात! असल्या गुणक जनरेटरांची ही खोड मार्साग्लियानं १९६८ मध्येच दाखवली होती. पाया कच्चा असला तर वर गॅमाचा मजला चढवून काय उपयोग? आधी यू ची चाचणी कर.

निवृत्त_गणितमास्तर
बरोबर आहे, पण तो वेगळा विषय. रँडू आज कोण देतंय? मुलगा विचारतोय यू मिळाल्यानंतरचं.

शहापूर_विणकर
२००३ चं एक्सेल वापरणाऱ्यानं "आज कोण देतंय" म्हणू नये.

आंबोली_घाट
कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय पाऊस! आमच्या आंबोलीला या एकदा. आकडे इथले घ्या, शेप आपोआप सुधारेल.

मलप्रभा_काठ
मलप्रभा कणकुंबीत उगवते हो, आंबोलीत नाही. प्रोजेक्ट बेळगाव जिल्ह्याचा आहे. आणि जास्त पावसानं शेप सुधारत नाही, स्केल (आकड्यांचं मोजमाप लहानमोठं करणारा दुसरा पॅरामीटर) वाढतं. शेप म्हणजे रिमझिम आणि मुसळधार यांचं आपसातलं प्रमाण.

आंबोली_घाट
तरी या.

एक_सांख्यिकी
पुस्तकाचं सांगतो. लुक डेव्हरॉय, मूळचा बेल्जियमचा, मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात प्राध्यापक. त्याचं १९८६ चं पुस्तक याच विषयावर आहे, आठशेच्या वर पानं. छापील आवृत्ती संपली, तेव्हा त्यानं स्वतःच पूर्ण पुस्तक आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलं. म्हणजे तुझे सातशे वाचले. गॅमा नवव्या प्रकरणात आहे.
त्याच्या मांडणीत एक गृहीत आहे ते आधी समजून घे: हवे तेवढे निर्दोष यू मिळतात आणि कंप्युटर वास्तव संख्या जशीच्या तशी साठवतो. हे मान्य केलं की पुढे सगळी सिद्धता काटेकोर. विणकरांची शंका या गृहीताच्या अलीकडची आहे. खोटी नाही, पण तुझ्या व्हायवाची नाही.

टिळकवाडी_०८३१
आठशे पानांची पीडीएफ जुन्या लॅपटॉपवर उघडेल का?

चिकोडी_एक्सप्रेस
झेरॉक्स काढ, स्पायरल मार. कोल्हापुरात विद्यापीठाजवळ स्वस्त पडतं.

मलप्रभा_काठ
खानापूरहून कोल्हापूरला जायचं बसभाडं कोण देणार? नववं प्रकरण तेवढं छापून घे खडेबाजारात.

कोड_वाली_निपाणी
१९८६ चं पुस्तक म्हणजे जुनंच झालं की. मार्साग्लिया आणि त्सांग यांची २००० सालची गॅमाची पद्धत त्यात कुठून असणार? तीच घे. नॉर्मल वितरणातला एक आकडा घ्यायचा, त्यावरून एका रेषीय पदाचा घन करायचा, मग लॉगची एक अट तपासायची, ती पाळली नाही तर आकडा टाकून पुन्हा घ्यायचा, पण असा नकार क्वचितच येतो. शेप एकाखाली असेल तर शेपमध्ये एक मिळवून आकडा काढ आणि त्याला यू च्या एक भागिले शेप एवढ्या घातानं गुण. आठ-दहा ओळींचा कोड आहे, मी लिहिलाय, पाहिजे तर पाठवते.

एक_सांख्यिकी
पद्धत उत्तमच. आर स्वतः एकाखालच्या शेपसाठी आरेन्स आणि डीटर यांची १९७४ ची रिजेक्शन पद्धत वापरतं, तीही चालेल. या दोन्हींपैकी एक घे, वेळ वाया घालवू नकोस.

निवृत्त_गणितमास्तर
मीही तेच म्हणणार होतो. आरेन्स-डीटर.

नुसता_वाचक
+१ मार्साग्लिया-त्सांग.

टिळकवाडी_०८३१
+१. पण लॅपटॉप बघच.

पावसाळी_खानापूर
सगळ्यांचे आभार. पुस्तक उतरवून घेतलं, नववं प्रकरण छापलं, सातशेतले बरेच उरले. पद्धत मात्र तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही घेत नाहीये. त्याच प्रकरणात यॉन्कची १९६४ ची सापडली, ती घेतोय.
दोन यू घ्यायचे. पहिल्याचा घात एक भागिले शेप, दुसऱ्याचा घात एक भागिले (एक उणे शेप). बेरीज एकापेक्षा जास्त आली तर दोन्ही टाकून पुन्हा घ्यायचे. एकाच्या आत आली तर पहिला भागिले बेरीज, हा बीटा वितरणाचा आकडा झाला. त्याला एक्स्पोनेन्शियलच्या वेगळ्या आकड्यानं गुणलं की गॅमा. सिद्धतेला एकदा जेकोबियन (चल बदलताना येणारा गुणक) लागतो, बाकी सरळ. अर्ध्या फळ्यात मावते.

कोड_वाली_निपाणी
अरे पण हळू आहे ती! दर वेळी दोन घात काढायचे, वर नकार. पेपर लिहायचा असता तर कुणी हसलं असतं.

पावसाळी_खानापूर
ताई, नकार मोजला. ०.६ ला शंभरातले साधारण ७९ आत येतात. सगळ्यात वाईट अवस्था शेप अर्धा असताना: तेव्हा दोन्ही यू चे वर्ग होतात, अट म्हणजे पाव वर्तुळ, आणि स्वीकाराचं प्रमाण पाय भागिले चार, म्हणजे ७८.५ टक्के. याच्या खाली ते कधीच जात नाही. सरांनी विचारलं तर हे चित्र काढून दाखवता येतं. लॉगच्या अटीचं चित्र मला काढता येणार नाही. आणि मला काही हजार दिवसांचाच पाऊस पाडायचाय, जुन्या लॅपटॉपला तेवढं जमतं.

एक_सांख्यिकी
माझं मत बदललं नाही, पण पाव वर्तुळाचं आवडलं. मार्साग्लिया-त्सांगनं पण एक धाव घे आणि दोन्हींची सरासरी आणि व्हेरियन्स शेजारी मांड. स्केल एक असेल तर दोन्ही शेपएवढेच, ०.६ च्या आसपास यायला हवेत.

निवृत्त_गणितमास्तर
आणि एक्स्पोनेन्शियलसाठी लॉग घेताना यू ऐवजी एक उणे यू घे. एक्सेल आणि पायथन दोन्हींच्या यू मध्ये शून्य येऊ शकतो, एक येत नाही. शून्याचा लॉग मागितलास तर प्रोग्राम तिथंच आडवा पडेल.