तपासणीचे पैसे कुठे द्यावेत, कुठे नाही

नाशिकमध्ये जुनी गाडी घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली तर पैसे लागतात का, असा प्रश्न पडतो. बहुतेक ठिकाणी लागतात, आणि ते द्यावेत. मेकॅनिक गाडी लिफ्टवर चढवतो, बिघाड शोधणारा स्कॅनर लावतो, टेस्ट ड्राइव्ह घेतो. ती मजुरी आहे, वर १८ टक्के जीएसटी. फक्त रक्कम आधी जॉबकार्डवर, म्हणजे कामाची नोंद असलेल्या कागदावर, लिहून घ्या आणि जुनी सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवले असतील तर बऱ्याचदा तिथेच पकडलं जातं.

नव्या गाडीचं वेगळं. डिलिव्हरीआधीची तपासणी, म्हणजे पीडीआय, हे डीलरचंच काम. कोटेशनमध्ये 'हँडलिंग'च्या नावाखाली त्याचे पैसे लावले असतील तर सरळ काढायला लावा. आणि पेठ रोडच्या आरटीओत नोंदणी होण्याआधी गाडी डीलरच्या यार्डात दिवसाउजेडी स्वतः बघा. टायरच्या बाजूवर 'DOT'ने सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: २४२५ म्हणजे २०२५ चा चोविसावा आठवडा. चारपैकी एकच टायर भलत्या तारखेचा निघाला तर का, ते विचाराच.

फ्री सर्व्हिसलाही फक्त मजुरी फुकट असते. ऑइल-फिल्टरचे पैसे पडतातच.