डबा-क्लॅम्पचा जुगाड घरी पोचण्यापुरताच

आत बेड टाकून फिरायला केलेल्या व्हॅनसाठी एकानं सल्ला दिलाय की सायलेन्सरच्या पाइपला भोक पडलं तर पत्र्याचा डबा कापून गुंडाळा, दोन क्लॅम्प (स्क्रूनं आवळायच्या पट्ट्या) आवळा, वर्षभर बघायला नको. असेल, पण भोक कुठंय ते बघा ना आधी. पार मागच्या टोकाला असेल तर बहुतेक नुसता आवाज, पण इंजिनजवळ किंवा बेडच्या बरोब्बर खाली असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येऊ शकतो, त्याला ना वास ना रंग, आणि आपण तर त्याच गाडीत झोपतो.

मीपण केलाय हा प्रकार, खोटं कशाला बोलू. जुनी डिझेल व्हॅन, गुहागरहून येताना कुंभार्ली घाटात एकदम ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली, मग डबा, क्लॅम्प आणि वरून साधं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावून सगळ्या खिडक्या उघड्या टाकून निघालो, ते इपॉक्सी पाटणच्या आधीच जळून गळालं (सायलेन्सरची हीटप्रूफ पेस्ट वेगळी मिळते, तीच घ्या).

पक्कं काम म्हणजे गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा पाइप जोडणं. गंजावरच वेल्डिंग मारलं तर धरत नाही, उलट शेजारी अजून भोकं पडतात. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. आणि पाइप लटकवायचे रबर बदलाच, ते तुटले की सगळं वजन जोडावर येतं अन परत तिथंच तडा. कोकणात जास्त फिरत असाल तर स्टेनलेसचे पैसे घाला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आजच मागवा, पाइपचं काम होईल तेव्हा होईल.