मदत हवी आहे : स्थूल रुग्णाच्या लघवीचा हिशोब कोणत्या वजनावर करावा?

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे. केडीगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार लघवीचे प्रमाण सलग ६ तास दर किलोमागे ताशी ०.५ मिलीपेक्षा कमी राहिले, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याचे मानले जाते. मात्र अतिस्थूल रुग्णाचे वजन नेमके कोणते धरायचे, हा प्रश्न मला सतत पडतो. १४० किलो वजनाच्या रुग्णाच्या पिशवीत तासाला ४५ मिली लघवी जमत असेल, तर प्रत्यक्ष वजनाप्रमाणे ७० मिली अपेक्षित असल्याने ती कमी ठरते. पण उंचीवरून काढलेले आदर्श वजन ६५ किलो धरले, तर तीच पुरेशी ठरते. पहिल्या हिशोबाने विनाकारण सलाइन वाढवले जाऊन सूज आणि श्वासाचा त्रास बळावेल, याची मला खरोखर धास्ती वाटते. दुसऱ्या हिशोबाने खरी इजा उशिरा तर लक्षात येणार नाही ना? मूत्रपिंड बिघडल्यावर रक्तात साचणारे क्रिएटिनिन वाढायला वेळ लागतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही. शिवाय स्थूल व्यक्तींच्या पोटातील दाब मुळातच जास्त असतो आणि तो आणखी वाढल्यास मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. आपण आदर्श वजन वापरता की समायोजित (आदर्श आणि प्रत्यक्ष यांच्या मधले), आणि अशा रुग्णांत मूत्राशयातून पोटातील दाब नियमितपणे मोजता का?